घरच्या धंद्याची पाटी: गेटवर लावायला परवानगी लागते का?

सुई_दोरा
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका गावात आमचं घर आहे, सासऱ्यांनी बांधलेलं. पुढच्या खोलीत बसून मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. इतकी वर्षं एकीने दुसरीला सांगितलं, यावरच चाललं. आता वाड्यावर नव्या इमारती झाल्यात आणि तिथल्या बायकांना घर सापडत नाही. फोनवर "पिंपळाकडून डावीकडे" सांगून कंटाळले, म्हणून गेटच्या खांबावर दोन फूट बाय दीड फुटाची पाटी लावली. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं, नाव, काम, फोन नंबर. दिवा नाही, फोटो नाही.

चवथीची (गणेश चतुर्थीची) घाई सुरू झाली आणि पंचायतीचा शिपाई कागद घेऊन आला. "विनापरवाना जाहिरात फलक" सात दिवसांत काढा, नाहीतर पंचायत काढेल आणि खर्च तुमच्याकडून घेईल. सचिवांना भेटले. ते म्हणाले, तक्रार आलीय, आम्हाला कागद काढावाच लागतो. कोणाची तक्रार ते सांगत नाहीत. मला अंदाज आहे.

स्वतःच्या घरावर स्वतःच्या कामाची पाटी लावायला परवानगी लागते का? लागत असेल तर पंचायतीची की टाउन प्लॅनिंगची? नवरा म्हणतो काढून टाक, चवथीच्या तोंडावर कटकट नको. मला काढायची नाही.

डिचोलीकर
काढू नका. आधी कागद नीट वाचा आणि त्यात कुठल्या कायद्याचं कुठलं कलम लिहिलंय ते इथे टाका. कलमच नसेल तर तसं लेखी विचारा.

मांडवीपार
आमच्या नाक्यावर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर लागलाय. वाढदिवस होऊन गेला, पाऊस लागला, पुढाऱ्याचं अर्धं तोंड धुऊन गेलं, बॅनर तिथेच. आणि फॉल-पिकोची पाटी सात दिवसांत!

हरमलचो_दर्या
मांडवीपार, त्या बॅनरचा उपयोग आहे हो. आमच्याकडे तो नंतर लाकडांवर घालतात.

सुई_दोरा
डिचोलीकर, कागद परत वाचला. "गोवा पंचायत राज कायद्याअन्वये" एवढंच आहे. कलम नाही.

निवृत्त_कारकून
बाय, सरकारी कचेरीत आयुष्य गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

गोव्यात "घरगुती धंद्याच्या पाटीचा नियम" असा एका जागी लिहिलेला मिळणार नाही. लोक तोच शोधत बसतात आणि मग जो तो आपल्या सोयीचं सांगतो. पाटी कुठल्या जमिनीवर उभी आहे, हे पहिलं. गेटचा खांब तुमच्या हद्दीत आणि पाटी खांबाला चिकटून असेल तर गोष्ट वेगळी. तीच पाटी लोखंडी हाताने गटाराच्या पलीकडे रस्त्यावर लोंबत असेल, तर ती सार्वजनिक रस्त्याच्या जागेत आली. तिथे बांधकाम खातं आणि १९७४ चा गोवा महामार्ग कायदा येतो. राष्ट्रीय महामार्गालगत, म्हणजे ६६ किंवा ७४८ च्या कडेला घर असेल तर केंद्राचा २००२ चा कायदाही येतो. तिथे उगाच धाडस करू नये.

पाटी ज्या धंद्याची आहे त्याला परवाना आहे का, हा दुसरा भाग. गावात १९९४ च्या पंचायत राज कायद्याखाली पंचायत धंद्याचा परवाना देते. पालिकेच्या हद्दीत १९६८ चा पालिका कायदा, पणजीत २००२ चा महानगरपालिकेचा वेगळा कायदा. तुम्ही शिवणाचा परवाना कधी काढलाय का? नसेल तर खरं दुखणं तिथे आहे. पाटी लावेपर्यंत तुम्ही पंचायतीच्या लेखी नुसत्या घरात राहणाऱ्या होता. पाटी लावलीत आणि दुकानदार झालात.

भिंती विद्रूप करण्याविरुद्धचा १९८८ चा कायदाही गोव्यात आहे. तो मुख्यतः दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक मालमत्तेवर रंगवणाऱ्या-चिकटवणाऱ्यांसाठी. निवडणुकीच्या वेळी त्याचं नाव जास्त ऐकू येतं. अशा कायद्यांत सहसा घरमालकाचं वा राहणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायला मोकळीक असते. त्याचा बाऊ करू नका.

तर: परवाना नसेल तर आजच अर्ज टाका, त्याच अर्जात पाटीचं माप लिहा, आणि नोटिशीला "अर्ज केला आहे, पाटी आमच्या हद्दीत आहे" असं लेखी उत्तर द्या. पोच घ्या. पोच न घेता परत येऊ नका.

कुळागर
पोच! काका लाख मोलाचं बोलले. आमच्याकडे सचिव म्हणतात "ठेवून जा". ठेवून गेलेला कागद नंतर कोणालाच दिसत नाही.

रेघोटी
मी आर्किटेक्ट आहे, झोनिंगचं थोडं. टाउन प्लॅनिंग पाट्यांचे परवाने वाटत बसत नाही, पण तुमची जमीन कुठल्या झोनमध्ये आहे याला महत्त्व आहे. शहरांसाठी बाह्य विकास आराखडा असतो, ओडीपी म्हणतात तो. त्यात निवासी आणि व्यापारी पट्टे वेगळे दाखवलेले असतात. बाकी गावांना प्रादेशिक आराखडा २०२१. त्यात बहुतेक घरं "सेटलमेंट" मध्ये. गावाच्या दर्जाप्रमाणे व्हीपी-१ असेल तर एफएआर (प्लॉटच्या मानाने किती टक्के बांधकाम करता येतं ते) ८०, व्हीपी-२ असेल तर ६०. हे आकडे बांधकामाचे आहेत, पाटीचे नाहीत. कोणी एफएआर सांगून घाबरवलं तर घाबरू नका.

जमिनीच्या सनदेकडे मात्र बघा. महसूल संहितेखाली मिळणाऱ्या सनदेत जमीन कशासाठी वापरायची ते लिहिलेलं असतं: निवासी, व्यापारी, औद्योगिक. शुल्कही वेगळं. निवासी सनदेच्या घरात बाईने पुढच्या खोलीत मशीन चालवलं तर कोणी सनद बघायला येत नाही. त्याच घरात पाच मशीन, तीन कामगार आणि बाहेर शटर असेल तर येतात, आणि यायलाच हवेत.

शापोरा_काठ
इथपर्यंत सगळे ताईंच्या बाजूने. मी थोडं उलट बोलतो, ताईंनी मनावर घेऊ नये.

मी आसगावच्या बाजूला राहतो. आमच्या गल्लीत सुरुवात अशाच छोट्या पाट्यांनी झाली. एका घरात योग, एका घरात मातीची भांडी, एका बंगल्यात "घरगुती कॅफे". पाटी छोटी, सुंदर, लाकडावर कोरलेली, दुरून वाचतासुद्धा येत नाही. आज त्या गल्लीत संध्याकाळी ॲम्ब्युलन्स जाईल का याची खात्री नाही. गाड्या दोन्ही कडेला, रात्री गाणी, विहिरी आटल्या की टँकर. आणि विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: "आमचा घरगुती धंदा आहे." घरगुती म्हणजे काय याला हद्दच नसेल तर नियम नको म्हणणारे आम्ही कुठल्या तोंडाने त्या कॅफेला अडवणार? म्हणून मला पंचायतीने पाटी विचारली याचं वाईट वाटत नाही. फक्त मोठ्यांनाही विचारावं.

सुई_दोरा
शापोरा काठ, राग नाही. तुमचं खरंय. पण माझ्याकडे कॅफे नाही हो. बायका येतात, माप देतात, पाच मिनिटं बोलतात (बरं, वीस), जातात. बहुतेक स्कूटरवर.

डिचोलीकर
स्कूटर कुठे लावतात?

सुई_दोरा
आमच्या गेटसमोर. गर्दी असली तर थोडी पुढे.

डिचोलीकर
पुढे म्हणजे शेजाऱ्याच्या गेटसमोर.

सुई_दोरा
...हो.

मांडवीपार
आला, तक्रारदार सापडला. तपास पूर्ण.

कुळागर
:हाहा: डिचोलीकरांना गुन्हे शाखेत घ्या.

निवृत्त_कारकून
हसू नका, हीच मुख्य गोष्ट आहे. नोकरीत असताना फलकांच्या तक्रारी मी पाहिल्यात. पाटी वाचून कोणाला त्रास होत नाही. त्रास गाडीचा, कुत्र्याचा, मागच्या बांधावरच्या जुन्या भांडणाचा. पण गाडीची तक्रार केली तर कोण ऐकतं? पाटीची केली तर कागद निघतो. म्हणून सगळे पाटीचीच करतात.

पर्वरीची_सेक्रेटरी
फ्लॅटवाल्यांसाठी लिहिते. आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी आहे (कोणीच हात वर केला नाही म्हणून). इथे खाली जिन्याजवळ नावांचा फलक आहे, त्यात फ्लॅट नंबरपुढे नाव. आता एकाला तिथे "टॅक्स कन्सल्टंट" लिहायचंय, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना "केक ऑर्डरप्रमाणे", तिसऱ्याला ग्रिलवर बाहेरून फ्लेक्स. पंचायतीने एखाद्याला परवाना दिला तरी सामाईक भिंतीचा हक्क सोसायटीचा. ग्रिलवरचा फ्लेक्स आम्ही नाकारला, खालच्या फलकावर पेशा लिहायला हो म्हटलं, सगळ्यांना एकाच आकाराची पितळी पट्टी. दारावर काय लावायचं ते ज्याचं त्याने. केकवाल्या काकूंनी लिफ्टमध्ये चिकटवलेला कागद मात्र रोज निघतो आणि रोज परत लागतो. कोण लावतं ते आजवर सिद्ध झालेलं नाही.

चिरेबंदी
केकवाल्या काकूंना सांगा, अन्न विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी हवी, आणि ते प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं. लिफ्टमध्ये तेच लावलं तर तक्रार कोण करणार!

दाताचा_डॉक्टर
आमच्या लोकांवर तर आणखी बंधनं. एमबीबीएसवाल्या मित्रांना २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे अवाढव्य पाटी लावता येत नाही. पाटीवर नाव, पदव्या, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक, बस्स. जिथे बसत नाही त्या औषधाच्या दुकानावरही नावाची पाटी लावायची नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियम ३६ ने माफक आकाराचीच पाटी, आणि "अमुक प्रकारच्या खटल्यांत तज्ज्ञ" असं लिहायचं नाही. पूर्वी न्यायाधीश होतो असंही नाही. बघा म्हणजे, ताई, तुम्ही "ब्लाउज स्पेशालिस्ट" लिहू शकता. तो वकील लिहू शकत नाही.

हरमलचो_दर्या
ज्योतिषांना काय नियम? आमच्या नाक्यावर "२४ तासांत गॅरंटी" आहे.

दाताचा_डॉक्टर
त्यांना नोटीस येणार हे आधीच कळतं.

झुआरी_एक्सप्रेस
२०२५ उलटून गेलं, पाटी कशाला हवी? मॅपवर नाव टाका, व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवा. फुकट. पंचायत तिथे येत नाही.

सुई_दोरा
टाकलंय हो. मॅप माणसाला मागच्या भाटात (माडांच्या बागेत), भाटकाराच्या विहिरीपाशी नेऊन सोडतो. दोन बायका तिथून ओरडत आल्या.

चिरेबंदी
पाटीबद्दल एक तांत्रिक मुद्दा, कारण परवाना मिळेल पण पाटी पावसात टिकणार नाही. तुमचा खांब चिऱ्याचा आहे ना? चिऱ्यात ड्रिल मारून नुसता प्लॅस्टिकचा गट्टू ठोकला तर पहिल्या मृगात ठीक, श्रावणात भोक खायला लागतं. लाल भुकटी गळते, गट्टू सैल, आणि एका वाऱ्यात पाटी रस्त्यावर. मग ती "रस्त्यावरचा अडथळा" म्हणून तक्रार करायला शेजारी मोकळा. चिऱ्याला लाकडी खुंटी मारा किंवा भोकात सिमेंट भरून त्यात बोल्ट बसवा. सगळ्यात सोपं म्हणजे लोखंडी गेटलाच दोन क्लॅम्प लावून पाटी आतल्या बाजूला बांधा. गेट आत उघडत असेल तर पाटी कायम तुमच्या हद्दीत. कोणी टेप घेऊन आला तरी काही म्हणू शकत नाही.

पत्र्याला मागूनही रंग मारा. सगळे पुढून मारतात, गंज मागून येतो. आणि फ्लेक्स नको. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात फ्लेक्सची अक्षरं दोन मोसमांत जातात. "फॉल-पिको" चं "ल-पको" होईल.

रेघोटी
चिरेबंदींना अनुमोदन. पणजीत फोंतायन्हसला फिरा, पांढऱ्या फरशीवर निळ्या अक्षरांत घरांची नावं बघा. भिंतीत बसवलेली भाजलेली फरशी. पाऊस तिचं काही करू शकत नाही. आता तशा फरश्या ऑर्डरने करून देणारे आहेत. भिंतीत बसवलेली फरशी आणि टांगलेला फलक यांच्याकडे बघणाऱ्याची नजरही वेगळी असते. फरशीला कोणी "होर्डिंग" म्हणत नाही.

सुई_दोरा
फरशी छान कल्पना. पण फोन नंबर बदलला तर?

रेघोटी
नंबर फरशीवर घालू नका. नाव आणि काम एवढंच.

भाषाभिमानी
पाटी कुठल्या भाषेत आहे? महाराष्ट्रात दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली, सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. गोव्यात काही आहे का?

सुई_दोरा
मराठी, खाली इंग्रजी. नव्या इमारतीतल्या बायका दिल्लीच्या पण आहेत.

आगोंद
गोव्यात १९८७ चा राजभाषा कायदा आहे. कोंकणी राजभाषा, मराठीचा सरकारी वापर करता येतो. तो सरकारी कामकाजासाठी. खाजगी पाटीवर तुम्ही काय लिहावं याच्याशी त्याचा संबंध नाही. पण देवनागरीत "फॉल-पिको" लिहिलंत तर कोंकणीवाल्यालाही तेच, मराठीवाल्यालाही तेच. भांडण कशावर करणार?

भाषाभिमानी
तरी मला वाटतं मराठीला...

हरमलचो_दर्या
आणि रोमी लिपीवाल्यांनी काय घोडं मारलंय? सासष्टीत माझ्या मावशीला देवनागरी पाटी वाचता येत नाही. तिलाही ब्लाउज लागतात.

संपादक
१९६७ चा जनमत कौल (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, तो) या धाग्यावर परत घेऊ नये. भाषेवरचे पुढचे प्रतिसाद उडवले आहेत. त्या विषयाला स्वतंत्र धागा आहे, तो सतराव्या पानावर पोचलाय, तिथे जा. इथे पाटी.

मांडवीपार
संपादक, आपण प्रतिसादांवर पाटी लावल्याबद्दल परवाना घेतलाय का?

पाहुणचार_पेडणे
पेडण्यात घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. आमचं प्रकरण वेगळं. भाड्याच्या खोल्यांना १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. त्यानंतर पाटीवर काय लिहायचं ते ठरतं. आमच्या बाजूला माडाला खिळे मारून "रूम्स" लिहिलेल्या पाट्यांचं पेव फुटलंय. माड दुसऱ्याचा, खिळा तिसऱ्याचा, खोली चौथ्याची. वीज खात्याच्या खांबावर बाण मारणारेही तेवढेच. ताई, एक विनंती, नाक्यावर "ब्लाउज ➔" असा बाण विजेच्या खांबावर लावू नका. घरची पाटी तुमच्या हद्दीत, तो बाण नक्कीच नाही.

सुई_दोरा
बाणाची कल्पना डोक्यात होती. काढली.

कुळागर
पण मग नाक्यावरून घर सापडायचं कसं? निम्म्या पाट्या त्यासाठीच लागतात.

पाहुणचार_पेडणे
नाक्यावर कोणाचं दुकान असेल तर त्याला विचारून त्याच्या भिंतीवर, त्याच्या लेखी संमतीने. आमच्या इथे पदेराने (पाववाल्याने) त्याच्या भिंतीवर चार जणांच्या पाट्या घेतल्यात. भाडं म्हणून सगळे पाव त्याच्याकडूनच घेतो.

शापोरा_काठ
हे आवडलं. गावाने एका जागी चारच पाट्या, एकाच आकाराच्या, असं ठरवलं तर माझाही विरोध नाही. ग्रामसभेत मांडा कोणीतरी. आमच्या ग्रामसभेत तीन वेळा मांडला गेला आणि तिन्ही वेळा रस्त्यांच्या खड्ड्यांवर विषय गेला.

आगोंद
ग्रामसभेत पाटीचा विषय काढला आणि "आधी त्या पंचाच्या मेव्हण्याचं होर्डिंग काढा" असं कोणी म्हणालं नाही, तर ती ग्रामसभा गोव्यातली नव्हेच.

नाणेघाट
पंचायत जाहिरातीवर कर पण मागते ना? ताईंना उद्या कराची पावती हातात देतील.

निवृत्त_कारकून
चांगला प्रश्न. थोडं खोल जातो. जाहिरातींवरच्या कराची घटनेच्या राज्यसूचीत (राज्यांच्या अधिकारांच्या यादीत) नोंद ५५ होती. ती जीएसटीच्या वेळी १०१ व्या घटनादुरुस्तीने वगळली. तेव्हापासून "जाहिरात कर" की "फलक शुल्क" यावर देशभर कोर्टकज्जे चालू आहेत. मोठ्या होर्डिंगवाल्यांना त्यात रस, तुम्हाला नाही. तुमच्यापुरतं एवढंच: कोणी पैसे मागितले तर पावतीवर काय लिहिलंय ते बघा, आणि कुठल्या ठरावाने घेता ते विचारा. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, ३० दिवस. त्यात दोनच गोष्टी मागा: फलकांचं शुल्क ठरवणारा ठराव, आणि गेल्या वर्षी तशी शुल्कं कोणाकोणाकडून घेतली त्याची यादी. दुसरी मागितली की पहिलीचं उत्तर लवकर येतं.

डिचोलीकर
काका, सेवेत असताना तुम्ही असल्या अर्जांना घाबरत होतात की नाही, खरं सांगा.

निवृत्त_कारकून
मी यादी तयार ठेवायचो.

झुआरी_एक्सप्रेस
परवाना काढला की वीज मीटर व्यापारी करायला सांगतील, घरपट्टी वाढेल. शंभर रुपयांचा ब्लाउज, हजाराचे कागद. माझा सल्ला: पाटी आत घ्या, परवान्याच्या भानगडीत पडू नका. गोव्यातल्या अर्ध्या बायका घरात काहीतरी करून विकतात. खाजी, नेवऱ्यो, लोणची, मसाले. सगळ्यांनी परवाने काढले तर पंचायतीला दुसरं कामच उरणार नाही.

चिरेबंदी
ब्लाउज शंभर रुपयांत कुठे शिवून मिळतो? पत्ता द्या.

सुई_दोरा
मलाही द्या. अस्तराचेच दोनशे होतात.

रेघोटी
झुआरी, हे आजपर्यंत चाललं कारण कोणी तक्रार केली नव्हती. आता केलीय. एकदा फाइल उघडली की पाटी आत घेतल्याने ती बंद होत नाही, "विनापरवाना व्यवसाय" असा पुढचा कागद येऊ शकतो. परवाना असेल तर तो कागद येणार नाही. मीटरचं आणि घरपट्टीचं आधी पंचायतीत आणि वीज खात्यात विचारून घ्या, घरातल्या एका मशीनला आणि वर्कशॉपला एकच दर लागतो असं गृहीत धरू नका. आणि हाताखाली पगारी मुलगी ठेवली तर कामगार खात्याकडच्या नोंदणीचा प्रश्न येतो, तेही लक्षात असू द्या.

कुळागर
सल्ला देणारे सगळे पुरुष दिसतायत. एक बाई म्हणून सांगते: शेजारणीला एक ब्लाउज फुकट शिवून द्या.

पर्वरीची_सेक्रेटरी
मी बाई आहे हो, आणि सेक्रेटरी आहे, त्यामुळे मला कोणी काही फुकट देत नाही.

शापोरा_काठ
फुकट ब्लाउज म्हणजे लाच. त्यापेक्षा गेटच्या आत स्कूटरसाठी जागा करा. तुळशीच्या पुढे अंगण असेलच.

सुई_दोरा
आहे अंगण. चवथीला तिथे मंडप असतो, पण एरवी मोकळंच. गेट एका बाजूने कायम बंद ठेवतो, तो उघडला तर चार स्कूटर आरामात बसतील. हे सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "मी हेंच म्हणत आशिल्लें."

हरमलचो_दर्या
सासूबाईंना सभासद करून घ्या.

सुई_दोरा
थोडी बातमी. पंचायतीत गेले. परवान्याचा अर्ज दिला, सोबत घरपट्टीची पावती, ओळखपत्र, घराचे कागद. पाटीचं माप आणि जागा अर्जातच लिहिली, काकांनी सांगितल्यासारखी. नोटिशीला उत्तर दिलं. सचिवांनी "ठेवून जा" म्हटलं, मी म्हटलं पोच हवी, शिक्का आणि सही. त्यांनी जरा बघितलं, मग दिली. कुठलं कलम ते विचारलं तर म्हणाले, बघून सांगतो. पाटी खांबावरून काढून गेटच्या आतल्या बाजूला क्लॅम्पने लावली, पत्र्याच्या मागून रंग मारून. स्कूटर अंगणात. शेजारच्या काकींनी काल विचारलं, "अष्टमीच्या आधी होईल का गो एक ब्लाउज?" पैसे देणार आहेत. मी घेणार आहे.

परवाना अजून हातात नाही.

मांडवीपार
चवथीआधी मिळाला तर मोदक, नंतर मिळाला तर खाजी.

निवृत्त_कारकून
शाब्बास बाय. पोचेची झेरॉक्स काढून ठेवा, थर्मल कागदावरची असेल तर अक्षरं उडतात. महिनाभरात काही कळलं नाही तर स्मरणपत्र द्या, तेही पोच घेऊन. तरी हलले नाहीत तर पंचायत संचालनालयाकडे दाद मागता येते. बहुतेक वेळ तिथवर येत नाही.

नाणेघाट
मूळ प्रश्न संपला असेल तर एक उपप्रश्न. माझी बहीण म्हापशाला घरून सजावटीचं सामान विकते, ऑनलाइन जास्त, म्हणून जीएसटी नोंदणी करावी लागली. घरावर पाटी नाहीच. जीएसटीवाल्यांनी येऊन बघितलं तर?

पर्वरीची_सेक्रेटरी
नोंदणी असेल तर पाटी हवीच. जीएसटी नियम १८ प्रमाणे प्रमाणपत्र धंद्याच्या मुख्य जागेत दिसेल असं लावायचं आणि प्रवेशद्वाराजवळच्या नावाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहायचा. आमच्या टॅक्स कन्सल्टंटने हेच दाखवून पितळी पट्टीवर जागा मागितली होती. नोंदणी नसलेल्याला हे लागू नाही, म्हणजे सुई_दोरा ताईंना नाही.

नाणेघाट
म्हणजे एक खातं पाटी काढ म्हणतं आणि दुसरं लाव म्हणतं.

पर्वरीची_सेक्रेटरी
दोघांनाही हद्दीच्या आतली चालते. बहिणीला दारावरच लावायला सांगा, नावाखाली पंधरा अक्षरांचा क्रमांक मावेल एवढी. फ्लॅट असेल तर आधी सेक्रेटरीला विचारा.